फुआतिनोच्या दारातली चटई

“बाबा, गादी उचलून काय शोधताय सकाळी सकाळी?” लागी, पेसामिनोची सून, झाडू हातात घेऊन दारात उभी होती.

“चटई.”

“कुठली?”

“तुझ्या सासूची.”

लागीचा झाडू थांबला. त्या घरात गादीखाली एकच चटई होती. बारीक विणीची, कापडासारखी मऊ, पेसामिनोच्या सासूनं तीन वर्षं खपून विणलेली. ती लग्नाला बाहेर निघायची नाहीतर मयताला. आज घरात दोन्ही नव्हतं.

“कोण गेलं?”

“गेलं नाही, जाणार आहे. फुआतिनो. उद्या दुपारच्या बोटीनं पलीकडच्या बेटावर, परवा पहाटे विमानानं ऑकलंडला. लेक न्यायला आलीय. आता काही परत यायची नाही ती.”

“मग भेटून या ना! टॅरोचे कंद उकडलेत, देते बांधून. चटई कशाला लागते भेटायला?”

म्हाताऱ्यानं चटईची घडी छातीशी धरली. तेव्हा कुठं लागीच्या डोक्यात उजेड पडला.

“अगं बाई! इफोगा? बाबा, इफोगा खुनाला करतात!”

“अपराधाला करतात,” पेसामिनो म्हणाला आणि बाहेर पडला.

सामोआत ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ज्याचा अपराध केला त्याच्या दारात पहाटे जाऊन बसायचं, डोक्यावरून घराण्याची चटई पांघरायची आणि तोंड मिटून वाट बघायची. समोरच्यानं येऊन चटई उचलली, की माफी. नाही उचलली, तर बसून राहायचं. आपण होऊन उठायचं नाही. उठला त्याची माफी गेली आणि इज्जतही गेली. पूर्वी अशा बसलेल्या माणसांवर कोयते चालल्याच्या गोष्टी म्हातारे अजून सांगतात. इफोगाला सरदार जातात, सगळं कुळ मागं बसतं. एकट्या म्हाताऱ्यानं बसावं, आणि तेही एका बोललेल्या वाक्यापायी, हे सावाई बेटावर कुणी ऐकलं नव्हतं.

पेसामिनो सरदार नव्हता, कुणीच नव्हता म्हणा ना. धक्क्यावर बोटीत गाड्या उलट्या चढवायच्या असतात, तिथं उभं राहून ‘ये ये ये, बस’ करणारा माणूस. तीस वर्षं तेच काम. पण सातवा दिवस पाळणाऱ्यांच्या त्या लहानशा मंडळीत तो मास्तर होता. शास्त्रवर्ग तो घ्यायचा. आणि त्याचं एकच पालुपद असायचं, “माझं ऐकू नका. पाळकाचं ऐकू नका. शास्त्रात काय लिहिलंय ते बघा. वचन दाखव म्हणावं, मग पुढचं बोल.”

अख्खं गाव रविवार पाळायचं, ही चाळीस माणसं शनिवारचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी बुडेपर्यंतचा विसावा. सोपं नव्हतं ते. फुआतिनोच्या नवऱ्यानं एका रविवारी शेतात टॅरो लावले, तर गावसभेनं त्याची फणसाची झाडं तोडली आणि त्याला वर्षभर गावाबाहेर काढलं. तो बाहेरच तापानं गेला. लोक फुआतिनोला म्हणाले, जाऊ दे ना, एक दिवस इकडचा तिकडं. ती म्हणाली, “रविवार माणसांनी ठरवला, शनिवार देवानं. मास्तरांनी वचन दाखवलंय मला.”

पुढं साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी पेसामिनो तिच्या ओट्यावर बसून वाचायचा आणि ती ऐकायची. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात पक्कं. आठ वर्षं हा नेम चुकला नाही.

आणि मग सरकारनं तो उद्योग केला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी व्यापार करायचा तर तारीख त्यांची हवी, म्हणून २०११च्या डिसेंबरात तारखेची रेषा सरकवली. गुरुवारी झोपलेलं गाव शनिवारी उठलं. मधला शुक्रवार सरकारनं गिळला. ज्यांचा वाढदिवस गेला ते हसले, ज्यांचा हप्ता चुकला तेही हसले. हसले नाहीत ते सातवा दिवस पाळणारे. कारण शेवटच्या शब्बाथापासून बोटं मोजली, तर सातवा दिवस यायचा रविवारी. आणि कॅलेंडर बघितलं, तर शनिवारी. आता देव कुठल्या दिवशी येणार?

वरून विद्वानांच्या समितीचं पत्र आलं. पाळक फिलेमोनी, तरुण आणि भला माणूस, त्यानं ते वाचून दाखवलं. “आपण मोजणी सोडायची नाही. दिवस तोच आहे, सरकारनं फक्त नाव बदललंय. यापुढं आपण रविवारी जमू.”

पेसामिनोला ते पटलं का? थोडं पटलं, थोडं नाही. धक्क्यावर मुकादमानं आधीच डिवचलं होतं, “काय मास्तर, तीस वर्षं शनिवारची ड्यूटी नाकारलीत. आता देवानंही पाळी बदलून घेतली का?” त्यानं ते हसण्यावारी नेलं, पण ते आत कुठंतरी रुतून बसलं होतं. चार रात्री त्यानं शास्त्र चाळलं. सरकारनं दिवस गिळला तर काय करावं, यावर त्यात एक ओळ नव्हती.

आणि सभेत फुआतिनो काठी टेकत उभी राहिली.

“पाळकसाहेबांना नाही विचारत मी. मास्तरांना विचारते. मास्तर, वचन दाखवा. रविवारी या असं शास्त्रात कुठं आहे तेवढं सांगा.”

सगळ्या माना पेसामिनोकडं वळल्या. पाळकही बघत होता. ‘नाही’ एवढा एक शब्द बोलायचा होता. वचन नाही, मलाही कळत नाही, पण मोजणी बरोबर वाटते. एवढंच! त्याऐवजी त्याच्या तोंडून काय निघालं?

“आठ वर्षं झाली, तू पुस्तकाचं पान डोळ्यांनी पाहिलं नाहीस. तुला येतं ते सगळं माझ्या तोंडचं. आणि तू मला वचन विचारतेस?”

लोक हसले. भरपूर हसले. कुणीतरी मांडीवर थाप मारली. फुआतिनो उभीच होती, हसणं संपेपर्यंत. मग चाचपडत बाकावर बसली. पुढच्या महिन्यात ती रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग मंडळीच्या यादीतून तिचं नाव काढायचा ठराव आला. हात वर झाले, त्यात पेसामिनोचाही होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून वीस महिने तो तिच्या ओट्यावर गेला नव्हता. तिच्या घरावरून जायचा रस्ता त्यानं सोडला, धक्क्यावर जायला लांबचा धरला. खाई त्याला खवखवे. वर्गात कुणी “मास्तर, हे कुठं लिहिलंय?” म्हणालं की तो घाईघाईनं पुढचं पान उलटायचा. आणि काल तिकीटखिडकीवरच्या पोरीनं सहज सांगितलं, “फुआतिनोमावशीचं परवाचं, रविवारचं तिकीट आहे बरं का.” त्यानं हिशेब केला. रविवारी आपला शब्बाथ, चटईचं ओझं घेऊन निघता येणार नाही. म्हणजे शनिवारच काय तो हातात.

फुआतिनोच्या घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि वर छप्पर. पेसामिनो समोरच्या गवतावर मांडी घालून बसला, चटई डोक्यावरून घेतली आणि मान खाली घातली. आत वाळलेल्या पानांचा आणि त्याच्या मेलेल्या बायकोच्या खोबरेल तेलाचा वास होता.

आधी पावलं आली ती नीवेची. फुआतिनोची लेक, ऑकलंडच्या कारखान्यात कामाला, तोंडानं फटकळ.

“आई! तुझे मास्तर आलेत बघ. डोक्यावर चटई घेऊन बसलेत बाहेर.” मग ती वाकून चटईजवळ आली. “वीस महिने कुठं होतात हो काका? आई इथं एकटी बसून खांबाशी बोलत होती. आणि आता निघायच्या आदल्या दिवशी हे नाटक? जखमेवर मीठ चोळायला?”

इफोगाला बसलेल्यानं टोमण्याला उत्तर द्यायचं नसतं.

“नीवे, गप.” फुआतिनोचा आवाज ओट्यावरून आला. “आज कुठला वार?”

“शनिवार.”

“मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे का विचारते.” काठी एकदा फरशीवर आपटली. “मास्तर, आज माझा शब्बाथ आहे. शब्बाथाच्या दिवशी ओझं उचलू नये, हे मला कुणी शिकवलं?”

अरे देवा! ज्या शनिवारसाठी ही बाई नवऱ्याला मुकली, मंडळीला मुकली, तो शनिवारच पेसामिनो विसरला होता. वीस महिन्यांत शनिवार त्याच्या लेखी गवत कापायचा आणि कपडे धुवायचा वार होऊन बसला होता. त्यानं स्वतःचा शब्बाथ तेवढा सांभाळला आणि तिच्या शब्बाथावर तिच्या दारात ओझं आणून टाकलं.

“चटई काही मला सूर्य बुडेपर्यंत उचलता यायची नाही,” ती म्हणाली. “घरी जा. संध्याकाळी या.”

तो हलला नाही. उठणं म्हणजे माफी सोडणं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडं उत्तर होतं. खड्ड्यात पडलेलं मेंढरू शब्बाथ दिवशीही बाहेर काढावं, हे वचन त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तीस वर्षं तो दुसऱ्याला हेच करत आला होता. वचनाला वचन, पानाला पान. जीभ शिवशिवली. पण आपल्याच सुटकेसाठी आपणच वचन काढायचं? शेवटी त्यानं जीभ दाताखाली धरली.

सूर्य वर चढला. वाटेनं जाणारी माणसं थबकायला लागली. रविवार पाळणाऱ्या मोठ्या चर्चमधला एकजण कोयता खांद्यावर टाकून शेताकडं चालला होता.

“मास्तर, कुणाचा मुडदा पाडलात?” त्यानं विचारलं आणि उत्तर मिळेना तसा आपणच म्हणाला, “आधी शनिवार म्हणून भांडलात, मग रविवार म्हणून भांडलात. आम्ही आपले पहिल्यापासून रविवारीच झोपतो!” आणि खो-खो हसत गेला.

दुपारी पाळक फिलेमोनी आला. कुणीतरी बातमी पोचवलीच होती. तो चटईशेजारी उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मास्तर, उठा. उन्हानं मराल. आणि याचा अर्थ काय होतो कळतंय का तुम्हाला? तुम्ही इथं बसलात म्हणजे मंडळी चुकली, समिती चुकली. आणखी दहा घरं शनिवारकडं वळतील. मग तुमच्याकडं वर्ग तरी कसा ठेवू मी?”

पाळकानं विचारलं म्हणजे बोलायला हरकत नव्हती. “दिवस चुकला असं मी म्हणत नाही, पाळकसाहेब. दिवसाचं मला कळत नाही. मी चुकलो.”

“मग पत्र लिहून माफी मागा ना.”

“तिला वाचून कोण दाखवणार?”

फिलेमोनी गुडघ्यावर हात टेकून उठला. “संध्याकाळी शब्बाथ उघडायचाय. प्रार्थना तुमच्याकडं आहे आज. निदान तेवढ्याला या,” म्हणाला आणि गेला.

उन्हानं चटईखाली भट्टी पेटली होती. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात उचलत नव्हता. आपण मेलो तर बरं, असं एकदा त्याच्या मनात आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण मेलेल्या माणसाला माफी तरी कशी मिळणार. चटईची कड जरा वर झाली आणि नीवेचा हात आत आला. हातात शहाळं होतं.

“घ्या. आई म्हणते, आज फोडलेलं नाही, कालचंच फोडून ठेवलेलं आहे. म्हणजे काम झालं नाही. प्या, नाहीतर विमान सोडून तुमच्या मयतीला थांबावं लागेल आम्हाला.”

तो प्यायला. पाणी आंबूस झालं होतं. त्यानं शेवटचा थेंबही सोडला नाही.

ऊन कलल्यावर काठीचा आवाज झाला. फुआतिनो पायरी उतरून गवतावर आली आणि त्याच्या समोर, हातभर अंतरावर, खाली बसली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

“एक विचारू, मास्तर? आता बोला तुम्ही, मी विचारतेय.”

“विचार.”

“त्या दिवशी वचन होतं का तुमच्याकडं?”

“नव्हतं.”

“आज आहे?”

“आजही नाही.”

“मग नाही का म्हणाला नाहीत?”

“तीस वर्षांत वर्गात एकदाही म्हणालो नव्हतो, फुआतिनो. सगळे माझ्याकडं बघत होते. लाज वाटली. आणि ती लाज मी तुझ्या अंगावर ढकलली. तुझ्या डोळ्यांवर बोललो मी. पुढं हातही वर केला. मी दुष्टपणा केला.”

तिनं गवतावरून तळहात फिरवला. मग म्हणाली, “तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात ना, तर मी आले असते रविवारी.”

“काय?”

“आले असते. तुमच्या शब्दावर. एवढी वर्षं तुम्ही म्हणालात, माझं ऐकू नका, शास्त्र ऐका. पण मला शास्त्र कुठं दिसत होतं, मास्तर? मला तुमचा आवाज ऐकू यायचा. हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून शास्त्र खरं वाटायचं. तो नाही म्हणाला असता, तर म्हटलं असतं, बरं बाबा, आपण दोघंही चाचपडतोय, चला बरोबर जाऊ. पण तुम्ही हसवलंत लोकांना. मग माझ्यापाशी शनिवारच उरला.”

चटईखाली पेसामिनो रडायला लागला. आवाज न करता, पण चटई हलत होती आणि ते तिला दिसत नव्हतं. नीवेला दिसत होतं. ती तोंड फिरवून आत गेली. एक शब्द, नुसता एक शब्द! त्यासाठी ही बाई वीस महिने खांबांशी बोलत बसली. तो समजत होता की तिला शास्त्राचा हट्ट आहे, आणि तिची मदार होती त्याच्यावर. शिक्षा झाली असती तरी इतकं लागलं नसतं.

“नाव परत लिहायला सांगतो,” तो कसाबसा म्हणाला.

“नको. ऑकलंडला आपलीच मंडळी शनिवारी जमतात म्हणे. तिथं शुक्रवार कुणी गिळला नाही.” ती किंचित हसली. “नीवे, सूर्य?”

“टेकलाय पाण्याला.” जरा वेळानं नीवे म्हणाली, “बुडाला.”

फुआतिनोनं दोन्ही हात पुढं केले. आधी गवत लागलं, मग चटईची कड. तिनं ती हळूहळू उचलली आणि त्याच्या डोक्यावरून मागं घेतली. गार वारा तोंडावर आला आणि पेसामिनोनं डोळे मिचकावले. ती किती म्हातारी झाली होती! वीस महिन्यांत केस पार पांढरे. तिनं त्याच्या ओल्या गालावरून तळहात फिरवला, पोरांचं तोंड पुसतात तसा.

“झालं,” ती म्हणाली. “उठा आता. माफ केलं.”

तो उठला, पण पाय मुंग्या येऊन लाकूड झाले होते. नीवेनं त्याला धरलं. रीतीप्रमाणं चटई आता फुआतिनोची. ती तिच्यावरून बोटं फिरवत होती, वीण मोजत असल्यासारखी.

“तुमच्या सासूबाईंच्या हातची ना ही? तुमच्या बायकोच्या मयतीला हीच अंथरली होती. मी काय करू हिचं तिकडं? बॅगेतही मावायची नाही. घेऊन जा.”

“मी कशी नेऊ?” पेसामिनो खाली बघत म्हणाला. “सूर्य बुडाला. माझा शब्बाथ लागला.”

फुआतिनो हसली, पोट धरून हसली, आणि हसता हसता तिचे न दिसणारे डोळे भरून आले.

“इथंच राहू दे आता,” तो घाईनं म्हणाला. “लागी सोमवारी नेईल.”

“आणि दवात भिजली तर? सोमवारी घरात आहे कोण?” तिनं चटईची घडी घातली, चुकली, पुन्हा घातली. नीवे घ्यायला पुढं झाली तसा तिनं तिचा हात बाजूला सारला. “माझ्या दारात आणली, मीच परत करणार. तू फक्त कोपर धर माझं.”

अशी ती तिघं पेसामिनोच्या घराकडं निघाली. वाट चर्चवरूनच जात होती. माणसं जमली होती, पांढरे कपडे, हातात पुस्तकं, शब्बाथ उघडायला मास्तरांची वाट बघत. फिलेमोनी पायरीवर होता. आंधळी म्हातारी छातीशी चटई धरून पुढं, आणि मास्तर रिकामा मागं. एका बाईनं “अगं, घे तिच्या हातून” असं आपल्या पोरीला ढोसलं, पण पोरगी हलली नाही. तिचाही शब्बाथ लागला होता.

“मास्तर,” फिलेमोनी म्हणाला, “प्रार्थना?”

पेसामिनो थांबला. तीस वर्षांत त्याच्यामुळं प्रार्थनेचा कधी खोळंबा झाला नव्हता.

“आज माझ्याकडं काही नाही, पाळकसाहेब,” तो म्हणाला. “तुम्ही करा.”

फुआतिनो तोवर दहा पावलं पुढं गेली होती. चटई जड होती. दर थोड्या वेळानं ती ती वर सरकवून घेत होती आणि तिचा दम ऐकू येत होता. मागं चर्चमध्ये गाणं सुरू झालं. पेसामिनो तिच्या मागून चालत राहिला, आणि आपले मोकळे हात कुठं ठेवावेत ते त्याला घर येईपर्यंत कळलं नाही.